रानटी, ठग, उचल्या : काही शिक्क्यांच्या भाषांतराचा इतिहास

१.
सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की आधी गोळेगाव मागे पडते, मग तटबंदीचे अजिंठा गाव लागते आणि त्यापुढे रस्ता घाटात उतरतो. घाट संपतो तिथे फर्दापूर. जगभरातून लोक या वाटेने लेणी पाहायला येतात. आजचा धागा मात्र लेण्यांचा नाही. या डोंगररांगेत राहणाऱ्या, इथून ये-जा करणाऱ्या माणसांना इंग्रजीत काय म्हणावे, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे होता. त्यांनी तो आपल्या परीने सोडवला. एकेका शब्दाचे भाषांतर केले, एखादा शब्द जसाच्या तसा उचलला, आणि त्यांतल्या काही शब्दांचे पुढे कायदे झाले. शब्दकोशातली एखादी ओळ माणसाच्या आयुष्यापर्यंत कशी पोहोचते, हे समजून घ्यायचे असेल तर हा इतिहास मुळापासून पाहायला हवा.

२.
परक्या, असंस्कृत किंवा क्रूर समजल्या गेलेल्या माणसांसाठी त्या काळच्या इंग्रजीत दोन मोठे शब्द तयार होते : ‘बार्बेरियन’ आणि ‘सॅव्हेज’. पहिला मूळचा ग्रीक. ज्याची बोली ग्रीकांना कळत नसे, ज्याचे बोलणे त्यांच्या कानाला नुसते ‘बर बर’ असे ऐकू येई, तो ‘बार्बारोस’. आपल्याकडे ‘बडबड’ किंवा ‘बरळणे’ हे शब्द जसे आवाजावरून घडलेले वाटतात, तसाच हा प्रकार. दुसरा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य, ‘सिल्वाटिकस’ म्हणजे अरण्यातला. त्याचाच पुढे ‘सॅव्हेज’ झाला. म्हणजे मुळात एक शब्द भाषेवरून आलेला आणि दुसरा राहण्याच्या जागेवरून. क्रौर्याचा अर्थ दोहोंना नंतर चिकटला.

३.
आता आपला ‘म्लेंच्छ’ पाहा. संस्कृतात ‘म्लेच्छ्’ हा धातूच आहे आणि त्याचा अर्थ अस्पष्ट, अशुद्ध बोलणे. शतपथ ब्राह्मणातली एक कथा पतंजलीच्या महाभाष्यातही येते. असुरांनी युद्धात शत्रूला हाक घालताना ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारला आणि त्यांचा पराभव झाला, असे ती कथा सांगते. पतंजली त्यातून व्याकरणाच्या अभ्यासाची गरज पटवून देतो : अपशब्द बोलणे म्हणजे म्लेच्छ होणे. अर्थात, म्लेच्छ तो, ज्याच्या जिभेवर शुद्ध संस्कृत नाही. ग्रीकांचा बार्बारोस आणि वैय्याकरणांचा म्लेच्छ एकमेकांना कधी भेटले नसतील. पण दोन्ही शब्द एकाच अनुभवातून जन्मले. समोरच्याचे बोलणे मला कळत नाही, आणि न कळण्याचा दोष मी त्याच्या पदरात टाकतो, असा तो अनुभव.

४.
‘रानटी’ हा शब्दही तसाच साधा. रानातला तो रानटी. रानटी डुक्कर, रानटी तुळस, रानटी केळ म्हणताना आपण कोणावर क्रूरपणाचा आळ घेत नाही. कोणी न लावता, न पाळता आपोआप वाढलेले, एवढेच सांगतो. मराठीत त्याच्या शेजारी ‘गावठी’ हा शब्दही नांदतो. रानातला रानटी, गावातला गावठी. गंमत अशी की शहरातला माणूस हे दोन्ही शब्द नाक मुरडून वापरतो. म्हणजे शब्दात तुच्छता किती, हे बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरते. लॅटिनमधला ‘सिल्वाटिकस’ आणि मराठीतला ‘रानटी’ हे तर अर्थाने जवळजवळ जुळे भाऊ.

५.
तेव्हा ज्या इंग्रज कोशकारांनी ‘म्लेच्छ’पुढे ‘बार्बेरियन’ आणि ‘रानटी’पुढे ‘सॅव्हेज’ लिहिले, त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. मुळे पाहिली तर याहून नेमके प्रतिशब्द मिळणे अवघड होते. अडचण होती ती काळाची. कोश तयार होत होते त्या काळापर्यंत इंग्रजीत या दोन शब्दांना एक नवी जागा मिळाली होती. ॲडम फर्ग्युसन या स्कॉटिश विचारवंताने १७६७ मध्ये नागरी समाजाच्या इतिहासावर निबंध लिहिला. त्यात ‘सॅव्हेज’, ‘बार्बेरियन’ आणि सुसंस्कृत अशा समाजाच्या अवस्था मांडल्या होत्या. पुढे १८७७ मध्ये लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकी अभ्यासकाने त्याच कल्पनेची पक्की शिडी बांधली : सर्वांत खाली रानटी अवस्था, मध्ये बर्बर, वर सभ्य. शिडी आली की पायरी आली, आणि पायरी आली की वरच्याला खालच्याचे पालकत्व घेण्याचा अधिकारही आला.

६.
संस्कृत-प्राकृतातल्या जुन्या शब्दांना अशी एकच शिडी नव्हती. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत यवनांना म्लेच्छ म्हणतो, पण त्याच दमात सांगतो की ज्योतिषशास्त्र त्यांच्यात उत्तम रुजले आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात. म्लेच्छ असणे आणि विद्वान असणे यांत त्याला विसंगती दिसली नाही. आपल्या सह्याद्रीतली लेणीही हेच दाखवतात. कार्ले आणि जुन्नर येथील बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत देणगीदार म्हणून यवनांची नावे कोरलेली आहेत. कोणी खांब दिला, कोणी पाण्याचे टाके. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उंच टोप्या आणि परदेशी पोशाख ल्यालेली माणसे चितारलेली आहेत. त्यांतल्या एका दरबारी प्रसंगावरून जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये पुलकेशीच्या दरबारी आलेल्या इराणचा बादशहा खुसरो याच्या वकिलातीचा तर्क लढवला. चित्रे त्याहून जुनी असल्याने नंतरच्या बहुतेक अभ्यासकांनी तो नाकारला. पण टोपीवाले परके तिथे आहेत, आणि चित्रकाराने त्यांना राक्षस म्हणून रंगवलेले नाही.

७.
यावरून आपले शब्द निष्पाप होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. धर्मशास्त्रांनी म्लेच्छांच्या देशात जाणे निषिद्ध मानले, त्यांचा विटाळ मानला. मध्ययुगात राजकीय संघर्षाबरोबर हा शब्द अधिक धारदार झाला. मराठी बखरींतून ‘म्लेंच्छ’, ‘यवन’, ‘अविंध’ हे शब्द शत्रूसाठी येतात. युरोपियनांसाठी ‘टोपीकर’ आणि ‘फिरंगी’. रानावनातल्या जमातींकडे तर गावगाड्याने नेहमी वरूनच पाहिले. तुच्छता आपल्याकडेही भरपूर होती. फरक इतकाच की ती तुच्छता व्यवहारात वाकत असे. वेळ पडली की म्लेंच्छाशी तह होई, भिल्ल नाईकाला वतन मिळे. इंग्रजीत गेल्यावर तिला छापील व्याख्या मिळाली आणि व्याख्येमागे कचेरी उभी राहिली.

८.
आता पुन्हा सिल्लोडच्या परिसरात येऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथून पूर्वेला, भोकरदनजवळच्या असई गावी आर्थर वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाईतल्या जखमी इंग्रज सैनिकांसाठी अजिंठा गावात इस्पितळ उघडण्यात आले. तेव्हापासून कंपनीच्या कागदांत या घाटाचे नाव वारंवार येऊ लागले. १८१९ च्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि लेण्यांचा ‘शोध’ त्याच्या नावावर लागला. आसपासच्या गुराख्यांना आणि भिल्लांना ती जागा ठाऊक होती, हे सांगायला नकोच. योगायोग असा की त्याच १८१९ साली कोलकात्यात होरेस हेमन विल्सन यांचा पहिला मोठा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. ‘म्लेच्छ’ म्हणजे ‘बार्बेरियन’ हे समीकरण ज्या कोशपरंपरेने घट्ट केले, तिचा आरंभ इथे आहे. ती पुढे मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या आवृत्तीपर्यंत जाते.

९.
१८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर हा तरुण अधिकारी लेणी पाहायला आला. त्याच्या वृत्तांतात त्याला लोकांनी दिलेला इशारा नोंदलेला आहे : वाघांच्या तावडीतून सुटलात तरी डोंगरातल्या भिल्लांच्या हाती सापडाल. तो गेला, लेणी पाहिली आणि सुखरूप परतून त्याने लेखही लिहिला. पण वाघ आणि भिल्ल यांची ही जोडी इंग्रजी प्रवासवर्णनांत आणि अहवालांत रुळली. दोन्ही रानातले, दोन्ही धोक्याचे. ‘रानटी’ हे विशेषण जनावराला लावताना आणि माणसाला लावताना मराठीत जो अर्थभेद बोलण्यातून कळे, तो ‘सॅव्हेज’ या एका शब्दात पुसला गेला.

१०.
मग हे भिल्ल होते कोण? ‘भिल्ल’ हे नाव धनुष्यासाठीच्या द्राविडी शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरांत आणि खाली खानदेशात त्यांची वस्ती जुनी. मराठ्यांच्या अमदानीत अनेक गावांत भिल्ल हे गावाचे राखणदार असत. रात्रीची गस्त, चोरीचा माग काढणे, घाटवाटांवर चौकी पहारा, ही त्यांची कामे. त्याबद्दल त्यांना पिकातला वाटा आणि वाटसरूंकडून ठरलेला हक्क मिळे. त्यांच्या प्रमुखाला नाईक म्हणत. म्हणजे गावाच्या दृष्टीने तोच माणूस रानातलाही होता आणि राखणदारही होता. हक्क मिळत राहिला तर तो घाट सांभाळी. हक्क बुडाला तर तोच घाट अडवून बसे. हे नाते मराठी बोलणाऱ्याला समजत होते, कारण तो त्या नात्याचाच एक भाग होता.

११.
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे नाते तुटले. १८०२-०३ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला, पाठोपाठ भीषण दुष्काळ पडला. गावे ओस पडली. जिथे गावच उरले नाही, तिथे राखणीचा हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि लुटालूट करू लागले. पेशवाईच्या अधिकाऱ्यांनी उत्तर दिले ते कत्तलीने. त्या काळात बाळाजी लक्ष्मण या अंमलदाराने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासाने बोलावून मारले आणि विहिरींत टाकले, अशी नोंद इंग्रज अधिकाऱ्यांच्या वृत्तांतांत आहे. इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. ‘क्रूर’ म्हणून इतिहासात नाव राहिले ते भिल्लांचे. कोपरगावच्या विहिरींसाठी कोशांत वेगळा शब्द तयार झाला नाही. सत्तेच्या क्रौर्याला बहुधा ‘बंदोबस्त’ म्हणतात.

१२.
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. घाटावरचा सिल्लोड-अजिंठ्याचा मुलूख निजामाकडेच राहिला. पहिली काही वर्षे कंपनीने भिल्लांवर फौजा पाठवल्या. काही साधले नाही. मग मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२५ मध्ये, धोरण बदलले. खानदेशात भिल्लांसाठी तीन स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. दक्षिणेकडच्या अधिकाऱ्याचे ठाणे होते कन्नडला, म्हणजे आपल्याच शेजारी. ईशान्येकडे जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्यात मिसळला, जुने हक्क काही अंशी पेन्शनच्या रूपाने परत दिले गेले. काही वर्षांतच ही माणसे शिस्तीचे शिपाई झाली.

आता कागदांतली विसंगती पाहा. धोरण सांगत होते की हक्क दिला की हा माणूस राखणदार होतो. म्हणजे अडचण हक्काची होती. पण त्याच अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरलेले शब्द सांगत होते की हा स्वभावाने रानटी, लुटारू आहे आणि आम्ही त्याला माणसाळवले. कृतीने एक सिद्ध केले आणि भाषेने दुसरेच नोंदवले. पलटण पुढे पोलिसांत विरून गेली. विशेषण मात्र पुस्तकांत राहिले.

१३.
दुसरा शब्द भाषांतराविना इंग्रजीत गेला, आणि त्याची गोष्ट अधिक विलक्षण आहे. तो शब्द म्हणजे ‘ठग’. संस्कृतातल्या ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे या धातूशी त्याचे नाते सांगतात. मराठीत ठग, ठक, ठकवणे, ठकसेन, ठकास महाठक असा त्याचा सगळा गोतावळा फसवणुकीचा आहे, त्यात थोडे हसूही आहे. उत्तरेत वाटसरूंना फसवून लुटणाऱ्या टोळ्यांसाठी हा शब्द फार जुना. झियाउद्दीन बरनी हा इतिहासकार सांगतो की तेराव्या शतकाच्या अखेरीस जलालुद्दीन खिलजीने पकडलेल्या सुमारे हजार ठगांना ठार न मारता नावांत बसवून बंगालकडे पाठवून दिले.

१४.
१८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. वाटेत गळा आवळून खून करणाऱ्या टोळ्या खरोखरच होत्या, त्यांचे बळीही खरे होते. ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो शब्दाचे पुढे काय झाले याचा. १८३६ मध्ये स्लीमनने ‘रामसीआना’ नावाचे पुस्तक छापले. ते मुख्यतः ठगांच्या गुप्त बोलीचा कोश होते. एखादी बोली ही गुन्ह्याची खूण म्हणून मांडली जाण्याचा हा ठळक नमुना. आठवा, ‘म्लेच्छ’ आणि ‘बार्बारोस’ हे शब्दही बोलीवरूनच घडले होते. त्याच १८३६ सालच्या तिसाव्या कायद्याने ठरवले की ठगांच्या टोळीत कधीही सामील होता, एवढे सिद्ध झाले तरी माणसाला जन्मठेप देता येईल. अमुक एक खून त्याने केला, हे दाखवण्याची गरज नाही. आणि ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्याने केलीच नाही. भाषांतर न करता उचललेला शब्द व्याख्येविना कायदा झाला.

१५.
याच सुमारास तो शब्द विलायतेच्या घराघरांत पोहोचला, आणि पोहोचवणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. फिलिप मेडोज टेलर १८२४ मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा असताना हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या लष्करात रुजू होऊन औरंगाबादला दाखल झाला. पुढची कारकीर्द त्याने निजामाच्या मुलखात काढली. १८३९ मध्ये लंडनला त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली आणि अफाट खपली. इंग्रजांना उच्चार जमेना, म्हणून ‘ठग’चा ‘थग’ झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस थॉमस कार्लाइल याने इंग्लंडमधील कामगार चळवळीवर लिहिताना ग्लासगोच्या सूतगिरणी कामगारांच्या हिंसक संघटनेला हाच शब्द लावला. दख्खनच्या वाटांवरून निघालेला शब्द वर्षभरात स्कॉटलंडच्या गिरणीच्या दारात उभा राहिला. फसवणुकीचा अर्थ गळाला, गळा आवळण्याचा अर्थही गळाला. उरला तो फक्त दांडगा, हिंसक, भीती वाटावी असा गरीब माणूस. आज इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘थग’ दिसतो तेव्हा त्याच्यात ठकसेनाचे मिश्कील हसू शोधूनही सापडत नाही.

१६.
आता या दोन वाटा एकत्र येतात. भिल्लांच्या बाबतीत जमातीच्या नावाला स्वभाव चिकटवला गेला होता. ठगांच्या बाबतीत नुसते टोळीचे नाव पुरेसा पुरावा ठरले होते. १८७१ मध्ये या दोन्ही कल्पना एका कायद्यात उतरल्या : गुन्हेगार जमातींचा कायदा. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जमातीत जन्मलेल्याने पोलिसात नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याविना गाव सोडायचे नाही. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. तिचे ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरच्या बोलीत मुरले. ज्या शब्दाचे कोशातले काम फक्त अर्थ सांगणे एवढे होते, तो आता माणसाला रात्री कुठे झोपायचे ते सांगू लागला.

१७.
याहून खोल परिणाम झाला तो आपल्या भाषेवर. इंग्रजी शिकलेल्या पिढीने हीच वर्गवारी मराठीत आणली. ‘रानटी जाती’, ‘गुन्हेगार जमाती’ हे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत, अहवालांत रुळले. गावगाड्यातला जागल्या किंवा नाईक हा आता आपल्याच भाषेत, पण दुसऱ्याच्या व्याख्येने ओळखला जाऊ लागला. शब्द इंग्रजीत जाऊन परत आला तेव्हा त्याच्याबरोबर निवाडाही आला होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला. त्या जमातींना इंग्रजीत ‘डीनोटिफाइड’ म्हणतात, म्हणजे अधिसूचनेतून नाव वगळलेल्या. मराठीत मात्र आपण ‘विमुक्त’ म्हणतो. इंग्रजी शब्दात कचेरीची यादी दिसते. मराठी शब्दात बंधनातून सुटलेला माणूस दिसतो. दोन्ही शब्द एकाच घटनेचे. या एका बाबतीत आपण अनुवाद चांगला केला, असे म्हणायला हरकत नाही. तो शब्द खरा ठरला का, हे वस्तीवर जाऊन पाहावे लागेल.

१८.
शेवटचे उदाहरण मराठवाड्यातलेच. लातूर भागातले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उचल्या म्हणजे डोळा चुकवून वस्तू उचलणारा, भुरटा चोर. समाजाने एका जमातीला ठोकलेला तो शिक्का, आणि लेखकाने तोच पुस्तकाच्या माथ्यावर ठेवला.

आता हे पुस्तक इंग्रजीत न्यायचे. ‘उचल्या’साठी काय लिहावे? ‘भुरटा चोर’ असा सरळ प्रतिशब्द इंग्रजीत आहे. तो वापरला असता तर कोशाच्या दृष्टीने बिनचूक ठरला असता, आणि १८७१ चा कायदा मुखपृष्ठावर पुन्हा छापला गेला असता. पां. अ. कोल्हारकरांचे भाषांतर १९९८ मध्ये साहित्य अकादमीने प्रसिद्ध केले, त्याचे नाव ठेवले ‘द ब्रँडेड’, आणि त्याच्या जोडीला मूळ मराठी शब्दही राखला. ‘ब्रँडेड’ म्हणजे डाग दिलेला, गुराच्या अंगावर तापल्या लोखंडाने खूण उमटवतात तसा. चोर हा शब्द माणसाकडे बोट दाखवतो. डाग दिलेला म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : डाग दिला कोणी?

१९.
विल्सनच्या कोशापासून या मुखपृष्ठापर्यंत जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे जातात. एवढ्या काळात अनुवादाच्या तीन तऱ्हा आपण पाहिल्या. ‘म्लेच्छ’ला समान मुळाचा शब्द मिळाला, पण त्याच्याबरोबर परकी शिडी आली. ‘ठग’ जसाच्या तसा गेला आणि वाटेत त्याचा अर्थच हरवला. ‘उचल्या’ला जोडीचा शब्द न देता त्या शब्दामागची घडामोड सांगितली गेली. तिसऱ्या तऱ्हेत शब्दाशी काटेकोर इमान कमी असेल. माणसाशी अधिक आहे.

एक शब्द राहिला, तो ‘क्रूर’. संस्कृत ‘क्रूर’ आणि इंग्रजी ‘क्रुएल’ हे खरोखरच दूरचे नातलग. दोन्हींच्या मुळाशी कच्चे मांस, रक्त अशा अर्थाचा एकच प्राचीन शब्द आहे. इथे भाषांतराची अडचण जवळजवळ नाही. पण हा शब्द वापरताना मराठीची एक जुनी सवय उपयोगी पडते : क्रूर असते ती नजर, क्रूर असते ती शिक्षा, क्रूर असते ती थट्टा. तो आधी कृत्याला लागतो. कोपरगावच्या विहिरीला लागतो, वाटसरूच्या गळ्याभोवती आवळलेल्या रुमालालाही लागतो. जमातीच्या नावाला तो चिकटवायचा झाला तर कोणीतरी मुद्दाम चिकटवावा लागतो.

२०.
पुढच्या वेळी सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाल तेव्हा घाट उतरण्यापूर्वी एकदा डावी-उजवीकडच्या डोंगरांकडे पाहा. स्मिथ आणि अलेक्झांडर यांची नावे लेण्यांच्या प्रत्येक माहितीपुस्तकात सापडतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा घाट राखला, त्या नाईकांचा उल्लेख तिथे बहुधा मिळणार नाही. मिळालाच तर शेजारी वाघ असेल. जुने इंग्रजी वृत्तांत वाचताना ‘सॅव्हेज’, ‘बार्बेरियन’, ‘थग’ असा शब्द आला की पुढे सरकू नका. त्या जागी मूळ शब्द कोणता असेल, तो कोणी कोणाला उद्देशून उच्चारला असेल, आणि ज्याच्याबद्दल उच्चारला त्याला स्वतःला तो लोकांत काय म्हणवून घेत असेल, हे तीन प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो. ते शोधून काढणे हे आपल्या पिढीच्या अभ्यासकांचे काम आहे.